‘मदरबोर्ड गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं?

कॉम्प्युटर दुरुस्तीचं आपल्याकडचं सगळं वैद्यकशास्त्र तीन शब्दांत मावतं : ‘मदरबोर्ड गेला, साहेब.’ हे शब्द ऐकले की समोरचा माणूस दुखवट्याला गेल्यासारखा गप्प होतो, हळूच ‘किती पडतील?’ विचारतो, आकडा ऐकतो आणि बाहेर येऊन आयटीत असलेल्या पुतण्याला नाहीतर भाच्याला फोन लावतो : ‘अरे, नवीन लॅपटॉप कुठला घेऊ?’ मी रत्नागिरीचा, पोटापाण्यासाठी पुण्यात. त्यामुळे जून ते सप्टेंबर असे फोन मला नेमाने येतात. गावाकडे पाऊस सुरू झाला हे मला हवामान खात्याच्या आधी नातेवाईकांच्या मदरबोर्डांवरून कळतं.

तर मंडळी, या वीकांताला या तीन शब्दांवरच जरा राग काढायचा आहे. माझं म्हणणं सरळ आहे. ‘मदरबोर्ड गेला’ हे निदान नव्हे, ते निदान करायचा कंटाळा आहे. आणि हा कंटाळा खपतो याला जेवढे दुरुस्तीवाले जबाबदार आहेत, तेवढेच चकचकीत, पातळ, सगळं आत चिकटवून टाकलेले लॅपटॉप कौतुकाने विकत घेणारे आपण लोक जबाबदार आहोत. राग येणार असेल तर आत्ताच येऊ द्या, पुढे अजून बरंच लिहिलंय.

सुरुवात शाळेपासून करू. कॉम्प्युटरच्या पहिल्या धड्यात काय शिकवतात? सीपीयू म्हणजे मेंदू आणि मदरबोर्ड म्हणजे हृदय. काही पुस्तकांत पाठीचा कणा. आणि एखाद्या बाई फारच प्रेमळ असतील तर ‘आई जशी सगळ्या घराला जोडून ठेवते तसा मदरबोर्ड’. परीक्षेत दोन मार्क मिळतात, पण डोक्यात एक खूळ कायमचं बसतं. हृदय बंद पडलं म्हणजे माणूस गेला. मग बोर्ड बंद पडला म्हणजे मशीन गेलं. त्यात विचारायचं काय? असल्या उपमेवर वाढलेली पोरं पुढे इंजिनियर झाली तरी ‘बोर्ड गेला’ म्हटल्यावर माना डोलावतात.

मला विचाराल तर मदरबोर्ड हा हातखंब्याचा तिठा आहे. रत्नागिरीकरांना जास्त सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. मुंबई-गोवा महामार्ग रत्नागिरी शहरातून जात नाही. तो बाहेरून हातखंब्यावरून जातो. शहरातून निघालेला रस्ता तिथे त्याला मिळतो, आणि पुढे पालीपर्यंत मुंबई-गोवा आणि रत्नागिरी-कोल्हापूर हे दोन्ही रस्ते एकच होऊन धावतात. मुंबई असो, गोवा असो, कोल्हापूर असो, बहुतेकांना हातखंबा चुकत नाही. तिठा स्वतः काही पिकवत नाही, विकत नाही. त्याचं काम एकच, कुठली गाडी कुठे जाणार आहे तिला तिथे जाऊ देणं. उद्या तिठ्यावरचा एक दिवा गेला किंवा एका फाट्यावर खड्डा पडला, तर ‘महामार्ग गेला, नवीन बांधा’ असं कोणी म्हणेल का? (बांधायला घेतलाच तर काय होतं ते आपण बघतोच आहोत, ते असो.)

बोर्डावर नेमकं हेच चाललेलं असतं. फायबरग्लासच्या पातळ थरांमध्ये तांब्याचे रस्ते दाबून बसवलेले असतात. चार थर, सहा थर, कधी दहाच्या वर. या रस्त्यांवरून मुख्यतः दोन गोष्टी धावतात, वीज आणि माहिती.

विजेचं आधी बघू. लॅपटॉपच्या ॲडाप्टरमधून बहुधा १९-२० व्होल्ट येतात. प्रोसेसरला हवा असतो साधारण एक व्होल्ट, बाकीच्यांना कुणाला ३.३ तर कुणाला ५. म्हणजे बोर्डावर छोटी छोटी सबस्टेशनं लागतात : मॉस्फेट, कॉइल, कपॅसिटर आणि त्यांच्यावर हुकूम चालवणारी एक चिप. बटण दाबल्यावर ही सबस्टेशनं ठरलेल्या क्रमाने जागी होतात. पहिल्याने ‘मी आलो’ म्हटल्याशिवाय दुसरा उठत नाही. रांगेतला एकजण झोपून राहिला की सगळं मशीन ‘मेलेलं’ दिसतं.

मग माहिती. पूर्वी बोर्डावर नॉर्थब्रिज आणि साउथब्रिज अशा दोन चिप असत. रॅम, ग्राफिक्स कार्ड असली घाईची मंडळी नॉर्थब्रिजकडे, डिस्क आणि कीबोर्डसारखी निवांत मंडळी साउथब्रिजकडे. २००३ साली एएमडीने अ‍ॅथलॉन ६४ मध्ये रॅम सांभाळायचं काम सरळ प्रोसेसरच्या पोटात नेलं, २००८ साली इंटेलनेही तेच केलं, आणि नॉर्थब्रिज हळूहळू इतिहासजमा झाला. आज रॅम थेट प्रोसेसरशी बोलते. ग्राफिक्स कार्ड आणि वेगवान एसएसडी पीसीआय एक्स्प्रेसच्या लेनवरून बोलतात. चौथ्या पिढीची एक लेन एका दिशेला सेकंदाला सुमारे २ गीगाबाइट नेते. एसएसडीला अशा ४ लेन मिळतात, ग्राफिक्स कार्डाला १६. या लेन मुंबई-गोवा हायवेसारख्या नसतात, सोळा म्हटल्या की सोळा मिळतात, असं लिहिणार होतो. पण बऱ्याच बोर्डांवर सोळाच्या लांबीचा स्लॉट दिसतो आणि आत तारा चारच लेनच्या जोडलेल्या असतात. म्हणजे आपल्या हायवेसारख्याच म्हणा!

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की ‘गेला’ म्हणताना यातलं काय गेलं हे सांगता येतं. सांगता यायलाच हवं.

आता जरा आपल्या कोकणात या. समुद्र शेजारी, हवेत खार, चार महिने भिंतींना ओल. आजीच्या माजघरातली पितळी भांडी कळकतात, तसाच बोर्डही कळकतो. रॅमच्या खालच्या काठावर सोन्याचा मुलामा दिलेल्या पट्ट्या असतात. सोनं गंजत नाही, पण मुलामा इतका पातळ असतो की त्याच्या बारीक छिद्रांतून खालच्या धातूला हवा लागते, वर धूळ आणि ओल बसते. संपर्क तुटतो. मशीन चालू होतं, पंखा फिरतो, स्क्रीन काळी. निदान काय? ‘मदरबोर्ड गेला.’ इलाज काय? रॅम काढायची, पट्ट्या हलक्या हाताने खोडरबराने पुसायच्या, परत खटकन बसवायची. पाच रुपयांचं खोडरबर! कोकणातल्या कुठल्याही जुन्या कारागिराच्या ड्रॉवरमध्ये ते स्क्रूड्रायव्हरच्या शेजारीच असतं.

दुसरी गंमत विजांची. मेच्या शेवटी आणि परतीच्या पावसात वीज कडाडली की खांबावरून घरात आलेल्या इंटरनेटच्या तारेतून झटका आत येतो आणि लॅनची चिप मारतो. नशीब बरं असेल तर बाकी बोर्ड ठणठणीत. काहीशे रुपयांचं लॅन कार्ड किंवा यूएसबीचं खुंटीएवढं उपकरण लावलं की पुढची पाच वर्षं चिंता नाही. तिसरी, बोर्डावरची रुपयाच्या नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी. ती संपली की घड्याळ मागे जातं, काही मशीनं सुरू होतानाच अडून बसतात. चौथी, बायोसची चिप. आठ पायांचं बारकं किडं. अपडेट चालू असताना लाइट गेली की आतला मजकूर अर्धवट राहतो आणि मशीन मुकं होतं. चिपमध्ये मजकूर परत भरायचा प्रोग्रॅमरही काहीशे रुपयांतच मिळतो.

या चारही गोष्टींना काउंटरवर एकच नाव आहे. सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वीचा किस्सा सांगतो. माझ्या मावसभावाचा आंब्याचा धंदा आहे. कोणाला किती पेट्या गेल्या, कोणाकडून किती येणं, सगळा हिशेब लॅपटॉपवर. ऐन एप्रिलमध्ये लॅपटॉप बंद पडला. एका सेवा केंद्राने (नाव नको, कारण हे एकट्याचं पाप नाही) सांगितलं : बोर्ड बदलावा लागेल, २३ हजार, शिवाय स्टोरेजची चिप बोर्डावरच असल्यामुळे डेटा मिळणार नाही. बॅकअप घ्यायला हवा होता हे शंभर टक्के खरं, पण एप्रिलमध्ये आंबेवाल्याला बॅकअपवर व्याख्यान देणारा माणूस मार खाऊन परत येतो. शेवटी शहरातल्याच एका कारागिराकडे मशीन गेलं. त्याने १९ व्होल्टच्या रस्त्यावर मीटर लावलं, कुठेतरी शॉर्ट. मग बोर्डावर अल्कोहोल पसरलं आणि त्या रस्त्यात एक व्होल्टच्या आसपासची वीज सोडली. जिथे अल्कोहोल सर्वांत आधी उडालं तिथे तिळाएवढा कपॅसिटर तापलेला. तो काढून नवीन बसवला. ‘बोर्ड बिर्ड काय नाय गेलेला, टीचभर वस्तू गेलेली,’ म्हणाला आणि १,५०० रुपये घेतले. डेटा जसाच्या तसा.

आता सेवा केंद्रांची बाजू. ती ऐकून घेतलीच पाहिजे. ते म्हणतात, प्रत्येक बोर्डामागे दोन-तीन तास घालवायला माणूस परवडत नाही. बोर्ड बदलला की गॅरंटी देता येते, तिळाएवढ्या कपॅसिटरची गॅरंटी कोण देणार? आणि कधीकधी बोर्ड खरोखरच जातो : पाणी आत मुरून थरांमधले रस्ते कुजले, किंवा प्रोसेसरच बोर्डावर डाखलेला असेल आणि तोच मेला, तर नाइलाज असतो. २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा चिखल भरलेल्या प्रत्येक मशीनवर कपॅसिटर शोधत बसा असं मी म्हणणार नाही. मान्य! सगळं मान्य! पण मग ‘आम्हाला शोधणं परवडत नाही, म्हणून आम्ही बदलतो’ असं स्पष्ट सांगा ना. ‘गेला’ का म्हणता? पहिलं वाक्य ऐकून माणूस दुसरीकडे जाऊन बघेल. दुसरं ऐकून तो रडत नवीन मशीन घेईल. फरक इथे आहे आणि तो तेवीस हजारांचा आहे.

आपल्या घरांत कल्हईवाला येत असे. पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली म्हणून पातेलं टाकून दे असं कुठली आजी म्हणाली नाही. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं, कापसाने पुसायचं. पातेलं पुढे चालू. बोर्डावरचं सोल्डरिंग म्हणजे याच्याच नात्यातली विद्या आहे. तिथेही मुख्य धातू कथीलच, आणि नवसागराचं काम करायला फ्लक्स. फक्त पातेल्याच्या जागी तीळ आला. ज्या मुलखाला कल्हई समजते त्याला चिपलेव्हल दुरुस्ती परकी वाटायचं काही कारण नाही.

पण मंडळी, खरा दोष काउंटरवरच्या माणसाचा नाही. तो साखळीतला शेवटचा. दोष आहे तो सांधे बुजवणाऱ्यांचा.

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने पर्सनल कॉम्प्युटर आणला तेव्हा त्याच्या बोर्डावर ५ स्लॉट होते. स्क्रीनचं कार्ड वेगळं, फ्लॉपीचं कार्ड वेगळं. एवढंच नव्हे, आयबीएमने तांत्रिक पुस्तक विकायला ठेवलं होतं आणि त्यात बोर्डाचा सर्किट डायग्रॅम आणि बायोसचा कोडसुद्धा छापला होता. पैसे द्या, पुस्तक घ्या, बघा आत काय आहे ते. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाचं माप ठरवलं : बोर्ड केवढा, स्क्रूची भोकं कुठे, पोर्ट कुठल्या बाजूला. आज तीस वर्षांनंतरही डेस्कटॉपचे बोर्ड त्याच भोकांवर कसले जातात. एएमडीचं एएम४ हे सॉकेट २०१६ चं, आणि बायोस अपडेट करून त्यातल्या कितीतरी बोर्डांवर २०२२ चे प्रोसेसर चालले. सॉकेट म्हणजे निव्वळ प्लॅस्टिकची खाच नव्हे. ते एक वचन आहे : माझ्या एका भागाचं बरंवाईट झालं तर बाकीच्यांना ओढून नेणार नाही.

हे वचन लॅपटॉपवाल्यांनी मोडलं. २०१२ साली अ‍ॅपलने रेटिना मॅकबुक प्रोमध्ये रॅम बोर्डावरच डाखली. लोकांनी पातळपणा बघून टाळ्या वाजवल्या, मग बाकीचेही त्याच वाटेने निघाले. आता रॅम डाखलेली, वायफाय डाखलेलं, काही मशीनांत स्टोरेजही डाखलेलं. आणि सर्किट डायग्रॅम? १९८१ मध्ये विकत मिळत होता, आज आमच्या रत्नागिरीतला कारागीर तो कुठल्यातरी टेलिग्राम ग्रुपवरून चोरासारखा मिळवतो. स्वतःच्या गिऱ्हाइकाचं मशीन दुरुस्त करायला! याला प्रगती म्हणायचं?

कंपन्यांचं म्हणणं आहे की यामागे फिजिक्स आहे. आणि रॅमच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे, उगाच खोटं कशाला बोला. कमी वीज खाणारी वेगवान रॅम प्रोसेसरच्या जवळ लागते, रस्ता लांबला आणि मध्ये सॉकेट आलं की सिग्नल बिघडतो. दुरुस्तीयोग्य लॅपटॉपसाठी नाव कमावलेल्या फ्रेमवर्क कंपनीनेसुद्धा २०२५ च्या आपल्या डेस्कटॉपमध्ये याच कारणाने रॅम डाखली. पण यावरही उपाय निघतोय. डिसेंबर २०२३ मध्ये जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेने कॅम२ नावाचं नवीन माप जाहीर केलं : रॅमची पट्टी उभी खोचण्याऐवजी बोर्डावर आडवी दाबून स्क्रूने कसायची, म्हणजे रस्ता छोटा राहतो आणि रॅम सुटीही राहते. २०२४ मध्ये लेनोव्होने अशी रॅम असलेला थिंकपॅड बाजारात आणलासुद्धा. म्हणजे इच्छा असली की इंजिनियरिंग वाट काढतं. आणि एसएसडीचं काय? २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब, एका स्क्रूवर बसणारी पट्टी. तिला डाखायला कुठलं फिजिक्स आडवं येतं? काही नाही. फक्त पुढच्या वर्षी तुम्ही जास्त जागेसाठी पट्टी बदलण्याऐवजी मशीन बदलावं, एवढंच.

सरकार काय करतंय? जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. मे २०२५ मध्ये दुसऱ्या एका समितीने वस्तू दुरुस्त करायला किती सोपी आहे त्याचे गुण छापायची शिफारस केली, सुरुवात स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून. चांगलं आहे. फ्रान्सने हे जानेवारी २०२१ पासून केलंय, आणि त्यांच्या पहिल्याच यादीत लॅपटॉप होता. आपल्याकडे लॅपटॉपचा नंबर लागेपर्यंत अजून किती एप्रिल जातील कोण जाणे.

म्हणून आता तुमच्याकडे वळतो. हो, तुमच्याकडेच. हिंजवडीत, खराडीत, ऐरोलीत बसून वाचताय ना? तुमचा आजचा लॅपटॉप चार वर्षांनी कुठे जाणार आहे? गावी. धाकट्या भावाला, चुलतबहिणीला, काकांच्या दुकानात. आपल्याकडे लॅपटॉप मरत नाही, तो सासरी जातो. शोरूममध्ये उभं राहून तुम्ही पातळपणाला भुलता तेव्हा निर्णय एकट्याचा नसतो. कंपनीचं अधिकृत केंद्र हाकेच्या अंतरावर नसलेल्या, खाऱ्या हवेच्या गावात, आंबा घाटातून १३० किलोमीटरवर कोल्हापूरला पार्सल पाठवणाऱ्या एका माणसाचा निर्णयही तुम्हीच करत असता. वॉरंटी तुम्ही उपभोगणार, डाखलेली रॅम त्याच्या नशिबी.

तेव्हा घेताना दोनच प्रश्न विचारा. रॅम सुटी आहे का, निदान एक तरी स्लॉट? एसएसडी सुटी आहे का? सेल्समनला माहीत नसेल तर मॉडेलचा नंबर टाकून स्वतः शोधा, दहा मिनिटांचं काम आहे. दुसरं ‘नाही’ आलं तर मशीन तिथेच ठेवून बाहेर या, कितीही देखणं असो. आणि बंद पडल्यावर कोणी ते तीन शब्द उच्चारले तर एकच मागणी करा : बोर्डावरचा कुठला भाग गेला ते बिलावर लिहून द्या. लिहून दिलं तर तो खरा कारागीर, त्याला मागेल ते पैसे द्या, घासाघीस करू नका. नाही दिलं तर मशीन उचला आणि खोडरबरवाल्याकडे जा.

गिऱ्हाईक विचारत नाही तोवर दुकानदार सांगत नाही, आणि दुकानदाराला कोणी विचारलं नाही तर कंपनीपर्यंत ते कधीच पोचत नाही. एवढं सोपं आहे हे. पटलं तर बघा, नाही पटलं तर भांडायला या. शनिवार-रविवार मी मोकळाच असतो.